जनरेटर तळघरात नको!

मंडळी, आज सकाळी आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या सभेत नवा जनरेटर तळघरात बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. मी उभी राहिले आणि ऐंशीच्या दशकातली माझी गोष्ट सांगितली. ठराव बदलला. तीच गोष्ट इथे सांगते.

माझी सोनल आठव्या महिन्यातच जन्मली. इथल्याच एका छोट्या प्रसूतिगृहात तिला उबदार पेटीत ठेवलं होतं. पावसाळ्याचे दिवस होते; भरदुपारी पुराचं पाणी तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत शिरलं आणि लाइट गेली. जनरेटरही त्याच खोलीत, तोही बुडाला. पंप बंद पडला, नळ कोरडे झाले, फोन मुका झाला. रस्त्यावर कमरेएवढं पाणी आणि इथे पेटी गार पडत चाललेली.

मी रडायलाच लागले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रडतेस काय गं? तुझ्या अंगात ऊब आहे ना? घे तिला छातीशी!"

त्यांनी बाळ माझ्या उघड्या छातीवर ठेवलं आणि वरून गोधडी घातली. मी थकले तेव्हा शेजारच्या खाटेवरची मालवणची बाई म्हणाली, "माका दी गो, तू जरा पड." लाइट येईपर्यंत आम्ही दोघींनी तिला आळीपाळीने ऊब दिली.

सोनल वाचली. पण डॉक्टरबाई तिथे थांबल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्याआधी ट्रस्टींशी भांडून त्यांनी मीटर आणि जनरेटर पहिल्या मजल्यावर नेले.

त्यांच्या धीराचं कौतुक सगळेच करतात. मला त्यांचं ते भांडण जास्त मोठं वाटतं. पाणी ओसरल्यावरही पूर न विसरणारं असं माणूस तुम्हाला भेटलंय का?