अंगावर मारलेला बॉल

जूनमधला दुसरा शनिवार. लंडनमधल्या स्टॅनमोरचा आमचा टेनिस क्लब, शाळकरी मुलींची डबल्स फायनल. हजर: माझी मुलगी आणि तिची पार्टनर, समोर माझ्या नागपूरपासूनच्या मैत्रिणीची मुलगी आणि तिची पार्टनर, बाकावर मी आणि मैत्रीण, खुर्चीत ब्लँकेट घेऊन क्लबच्या जुन्या चॅम्पियनबाई, वय ऐंशीच्या पुढे. गैरहजर: नवरा, शनिवार असूनही बेसिंगस्टोकला ऑफिसात.

चॅम्पियनबाईंच्या तरुणपणी मुलींनी मागे राहून शोभेसं खेळायची रीत होती. या नेटवर यायच्या आणि समोरचीच्या अंगावर बॉल हाणायच्या. एकीचा दात पाडला, एकीचं नाक फोडलं. पेपरवाल्यांनी कसाईण म्हटलं, त्या जिंकत गेल्या, आणि मग सगळ्याच तसं खेळू लागल्या. आमच्या मुलींनाही त्या दर बुधवारी हेच शिकवतात: मोकळी जागा शोधू नका, माणूस शोधा.

मॅच पॉइंटला समोरून आलेला बॉल उंच पण आखूड पडला. मैत्रिणीची मुलगी नेटपाशीच होती. माझ्या मुलीने उडी घेऊन पूर्ण ताकदीने तो तिच्या तोंडावर मारला. ओल्या सतरंजीवर काठी बसावी तसा आवाज झाला. पोरगी गुडघ्यांवर बसली, बोटांमधून रक्त. माझ्या मुलीची मूठ मात्र अजून वरच होती.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मैत्रिणीने माझ्या थोबाडीत दिली.

"बघून मारला तिनं! मी पाहिलं नं!"

"अगं, गेम आहे तो."

"गेम? डोळ्यात रक्त साचलंय पोरीच्या, दिसत नाहीये तिला! घेऊन जा तुझा कप!"

लोक बघत होते. मी गाल चोळत पार्किंगची वेळ वाढवायला गेले.

बुधवारी मुलीने चॅम्पियनबाईंना विचारलं, त्या कधी सॉरी म्हणायला गेल्या होत्या का.

"एकीला फुलं पाठवली होती," त्या म्हणाल्या. "तिने परत केली. पुढच्या वर्षी पुन्हा तिच्याच अंगावर मारला."

"मग?"

"मग ती खेळायची थांबली. चल, सर्व्हिस कर."

मुलीने रॅकेट जमिनीवर आपटून मोडली आणि गाडीत येऊन बसली. "आई, मी बघूनच मारला. मला तिला लागायला हवा होता." तिचं मराठी असंच आहे, अर्थ मला नीट कळला.

डॉक्टर म्हणतात, नजर येईल, पण किती ते आत्ता सांगता येत नाही. मैत्रिणीचा मेसेज आला: तुझ्या पोरीला पाठव, तू येऊ नकोस.

काल मी गाडी त्यांच्या दारापर्यंत नेली. मुलगी उतरेना. मी दंडाला धरून ओढलं, तिने माझ्या मनगटाला कडकडून चावा घेतला. वरच्या खिडकीचा पडदा हलला. डोळ्याला पट्टी बांधलेली ती उभी राहून बघत होती.

चाव्यासाठी टिटॅनसचं इंजेक्शन घेऊन झालं. नवी रॅकेट आणायची नाही, हे ठरलं. मुलीला त्यांच्या दारात उतरवायचं अजून बाकी आहे.