तारकाकूंच्या भिंतीतला वारा

सगळी इमारत त्यांना तारकाकू म्हणायची. व्हायोलिन, चेलो अशी वाद्यं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली होती. जुन्या दगडी इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांची कामाची खोली. उंच छत, छताच्या कडेनं गिलाव्यात कोरलेली वेलबुट्टी, लांबलचक खिडक्या आणि भिंतीवर ओळीनं टांगलेली वाद्यं. हे काम त्या सासऱ्यांच्या हाताखाली शिकल्या. सासरे भारी कडक. लाकूड जोडायचा सरस जरा जास्त शिजला की त्यांचं डोकं सरसापेक्षा जास्त तापायचं. पण जाताना त्यांनी आपला रंधा ठेवला तो सुनेच्या हातात. मुलाला, म्हणजे काकांना, त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही. ते बस चालवायचे, आणि व्हायोलिन कुठल्या बाजूनं धरतात हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हतं.

त्या खोलीत वैताग एकच होता, हवा. उन्हाळ्यात सरस सुकायचं नाव घेत नसे. थंडीत बोटं आखडायची, आणि शेगडी पेटवावी तर लाकूड सुकून आक्रसायचं. काकू दोरीवर ओल्या चादरी टाकत, बादल्या भरून ठेवत, आणि तरी धास्तावलेल्याच असत. मग एका हिवाळ्यात, काकू चहा पीत असताना, भिंतीवरच्या चेलोतून फाडकन आवाज आला. चेलोच्या पोटावर वरपासून खालपर्यंत चीर! काकूंचा कप हातातच राहिला.

"अहो," त्या काकांना म्हणाल्या, "आता बास झालं. या हवेचा बंदोबस्त करायचा."

"पंखा आणू?"

"पंखा काय डोंबल करणार? थंडीत ऊब हवी, उन्हाळ्यात गारवा, आणि बारा महिने हवेत ओल सारखी. या खोलीच्या अंगाला मापात बसेल असं काहीतरी."

"मग शिंपीच बघायला हवा," काका म्हणाले. पण दुसऱ्याच दिवसापासून ते कंत्राटदारांची चौकशी करत हिंडायला लागले.

पहिला कंत्राटदार उंबऱ्याच्या आतसुद्धा आला नाही. "दोन यंत्रं भिंतीला ठोकू, संध्याकाळी मोकळे!"

"आणि हवेतली ओल?"

"ओल? बाई, लोक मला ओल घालवायला बोलावतात!"

दुसरा आत आला आणि वर बघत राहिला. "खाली खोटं छत टाकू. नळ्या सगळ्या आत. काही म्हणजे काही दिसणार नाही." काकूंनी वेलबुट्टीकडे एकदा पाहिलं आणि त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तिसरा आला तो जिन्यातच बोलत. देह आडवातिडवा, आवाज त्याहून मोठा. धापा टाकत टेकला आणि म्हणाला, "ताई, हवेचं मागाहून बघू. आधी वाद्य दाखवा." काकूंनी चेलो दाखवला. चिरेवरून बोट फिरवताना तो असा हळहळला, की जणू घरातल्याच कुणाला लागलं होतं. मग त्यानं प्रश्नांचा सपाटा लावला. ऊन कुठल्या भिंतीवर येतं? कुठली खिडकी वाजते? वारा कुठून शिरतो?

"त्या कोपऱ्यातून," काकू म्हणाल्या. "खिडक्या बंद असल्या तरी तिथं पडलेली लाकडाची छिलपी हलते."

"उंदीर असतील," काका म्हणाले.

"उंदीर फुंकर मारतात होय?"

कंत्राटदार तोवर रांगत कोपऱ्यात पोचला होता. गाल जमिनीला लावून पडला आणि एकदम ओरडला, "ताई, गार वारा! भिंतीतून येतोय!" त्यानं भिंत ठोकली. ठक, ठक, ठक, आणि मग बद्द. पोकळ! त्यानं छिन्नी काढली. "फोडू?"

काकू भिंतीजवळ सरकल्या. "फोडा!"

गिलावा कोसळला, विटा निघाल्या आणि आत अंधारी, चौकोनी विहीरच दिसली, सरळ खाली गेलेली. "तळघरात पूर्वी भट्टी असणार," कंत्राटदार हरखून म्हणाला. "तिची ऊब या वाटेनं वर यायची. पुढे भट्टी गेली, तोंडं बुजवली आणि माणसं विसरून गेली. आता नळ्या याच वाटेनं वर आणू, वेलबुट्टीला हात लावायचं काम नाही. तुमच्या भिंतीला नसा आहेत, ताई!"

वाट खालपर्यंत मोकळी आहे का, ते बघायला दोरीला बॅटरी बांधून सोडली. काकांना तळघरात पिटाळलं.

"काय दिसतंय?" काकू भोकात तोंड घालून ओरडल्या.

"अंधार दिसतोय!"

दोरी मध्येच सैल पडली. बॅटरी अडकली होती ती बरोबर दुसऱ्या मजल्यावर, दातांच्या डॉक्टरांच्या भिंतीत. आता आली का पंचाईत! या डॉक्टरांचं आणि काकूंचं कधी जमलं नव्हतं. वर व्हायोलिन किंचाळलं की खाली खुर्चीतला पेशंट उठून बसतो, ही त्यांची कायमची तक्रार.

"माझी भिंत फोडणार?" डॉक्टर म्हणाले. "पेशंट आधीच पळायच्या बेतात असतात!"

"डॉक्टर, वारा तुमच्या खोलीवरूनच वर येणार," काकू म्हणाल्या. "तर थोडा तुमच्याकडे उतरायला काय हरकत आहे?"

कंत्राटदारानं जोरजोरात होकाराची मान डोलावली. "जाळी बसवून देतो."

डॉक्टरांनी विचार केला. "म्हणजे उन्हाळ्यात पेशंटला घाम फुटेल तो फक्त भीतीनं?"

"फक्त भीतीनं."

डॉक्टरांनी बाह्या सारल्या आणि स्वतःच कपाट ढकललं. मागच्या भिंतीतून विटांचे तुकडे, फाटकी पोती, काय काय निघालं. शेवटचं पोतं ओढलं आणि बॅटरी सुटली. लगेच तळघरातून काकांचा आवाज भिंतीतून सगळ्या इमारतीत घुमला, "आला गं, आला! उजेड आला!" काकूंनी आनंदानं टाळी वाजवली, आणि हातांची पांढरी धूळ डॉक्टरांच्या चष्म्यावर उडाली. डॉक्टर हसले. ते हसतात हे काकूंना तेव्हा कळलं.

पुढे बरेच दिवस पत्रा कापण्याचा आवाज चालला. वाट कुठे रुंद, कुठे अरुंद, म्हणून नळीचा तुकडा न् तुकडा मापानं घडवावा लागला. यंत्र तळघरात बसलं, हवेत ओल सोडणारी टाकी त्याच्या शेजारी. सुरू करायच्या दिवशी सगळे काकूंच्या खोलीतल्या जाळीपुढे हात धरून उभे राहिले. कंत्राटदारानं बटण दाबलं. आधी भसकन जुन्या वाटेतली काजळी आली आणि सगळ्यांची तोंडं माकडासारखी झाली. मग आली ऊब, मऊ, संथ. आणि तिच्या पाठोपाठ एक गुणगुण. भिंत चक्क गात होती!

कंत्राटदाराचा चेहरा पडला. "जोड कुठेतरी थरथरतोय. आता सगळं उघडावं लागणार."

"थांबा," काकू म्हणाल्या. भिंतीला कान लावून त्या वर-खाली सरकल्या, मग तशाच जिन्यात उतरल्या. अर्ध्या जिन्यात थांबून त्यांनी बोट टेकवलं. "इथं." वाद्यांच्या पेट्यांना आतून लावायचा जाड लोकरी नमदा त्यांनीच कापून दिला. कंत्राटदारानं तेवढा एक जोड उघडला, नमदा गुंडाळला, आवळला. भिंत गप्प झाली.

"ताई, माझ्याकडे कामाला येता का?" कंत्राटदारानं विचारलं.

"माझ्याकडेच कामाचा ढीग पडलाय!" काकू म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा फुलला होता.

त्या हिवाळ्यात एकही वाद्य तडकलं नाही. वसंतात काकूंनी एक गोष्ट केली, जी त्यांनी आजवर मनातसुद्धा धरली नव्हती. जन्मभर लोकांची वाद्यं जोडली, पण स्वतः एकही घडवलं नाही, कारण कोरं लाकूड या खोलीत टिकलंच नसतं. आता त्यांनी फळ्या मागवल्या. काकांनी त्या खांद्यावरून तिसऱ्या मजल्यावर आणल्या, भिंतीला लावल्या आणि विचारलं, "याचं व्हायोलिन कुठल्या बाजूनं निघतं?"

"दाखवते," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी रंधा हातात घेतला.