खिशातले फ्यूज

संपानंतर बाबा गिरणीत परत गेले नाहीत, पण तिथली वायरमनकी त्यांच्या अंगातून काही गेली नाही. करी रोडच्या आमच्या नव्या इमारतीवर मी सोलर बसवलं, तेव्हा त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली होती. गच्चीवरची वीज शहराच्या विजेच्या तालात आणून रस्त्यावरच्या लाइनला जोडणारा इन्व्हर्टर म्हणजे माझा जीव की प्राण. बाबा त्याच्याकडे नव्या जावयाकडे बघावं तसं बघायचे.

एका सकाळी फाटकासमोर केबलसाठी खड्डा खणला गेला. लाइनमन सांगायला आला, अकराला लाइट बंद करणार. बाबांनी मीटर रूममध्ये जाऊन सोलरचे तिन्ही फ्यूज उपसले आणि त्याच्या हातात ठेवले. गिरणीतली रीतच ती. ज्याचा हात मशीनमध्ये, फ्यूज त्याच्या खिशात.

मी तडकलो. "बाबा, लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप थांबतो. आपली वीज उलटी त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून आत संरक्षण असतं. चारचौघांत माझं हसं कशाला करता?"

"मशिनीक काय म्हायत, खड्ड्यात कोण असा?" एवढंच म्हणून ते खड्ड्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले.

अकराला लाइट गेली. माझं डोकं फिरलेलंच होतं. बॅगेतले स्पेअर फ्यूज घेऊन मी मीटर रूममध्ये शिरलो. ते घालायचे आणि इन्व्हर्टर कसा गप्प राहतो ते बाबांना बोलावून दाखवायचं. दोन घातलेही. तिसरा हातात असताना सवयीने शेजारच्या इन्व्हर्टरचं सेटिंग पाहिलं. संरक्षण बंद होतं. आठवड्यापूर्वी चाचणीसाठी मीच बंद केलं होतं आणि चालू करायला विसरलो होतो.

बाहेर केबलवर करवत चालल्याचा आवाज येत होता. घातलेले दोन्ही फ्यूज काढले आणि काम संपेपर्यंत मी दार अडवून उभा राहिलो. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

दुपारी लाइनमन फ्यूज परत द्यायला आला. मी त्याला सगळं सांगून टाकलं, माझा विसर आणि माझा हट्टही. त्याने खिशातले तिन्ही फ्यूज काढून माझ्यासमोर धरले.

"साहेब," तो म्हणाला, "हे माझ्या खिशात होते, म्हणून मी हातमोजे काढून ठेवले होते."