शेवटची गाडी

शावुओतच्या, म्हणजे ज्यूंच्या पहिल्या पिकाच्या सणाच्या सकाळी हेदवाला ट्रॅक्टरमागच्या शेवटच्या गाडीत चढवलं, तेव्हा तिच्या पांढऱ्या झग्याच्या खिशात किबुत्झ, ही सगळ्यांच्या सामायिक शेतीची वसाहत, सोडून जात असल्याची चिठ्ठी होती.

ही गाडी बाळांची. पुढे गव्हाच्या पेंढ्या, दूध, चीज, अशी पहिल्या पिकाची वाजतगाजत मिरवणूक, आणि सगळ्यात शेवटी त्या वर्षी जन्मलेली बाळं आयांच्या मांडीवर. फार पूर्वी हे पहिलं पीक जेरुसलेमच्या मंदिरात जायचं. मंदिर पडलं, लोक देशोधडीला लागले, सण नुसता ग्रंथात उरला. परत येऊन दगड वेचत जमीन कसणाऱ्यांनी तो पुन्हा शेतात आणला. देश जन्मला त्या वर्षी, त्याचं पहिलं फळ म्हणून किबुत्झने एकच बाळ उंच धरलं होतं. ती हेदवा.

तेव्हापासून ती साऱ्यांची लेक. बाविसाव्या वर्षी चित्रकला शिकायला निघाली, तर किबुत्झच्या सभेत मत घेतलं आणि नकाराचे हात वर झाले. पहिलं लेकरूच गेलं तर मागचे कशाला राहतील? मग पन्नास वर्षं गोठ्यात गेली. आता बहात्तरीला तिने हैफा शहरात, समुद्र दिसेल अशी एक खोली ठरवली होती. उद्याच निघायचं होतं. सचिव गिदोनला सांगायचं तेवढं राहिलं होतं. तीन आठवडे ती सांगायला जाई आणि कॉफी पिऊन परत येई.

आणि यंदा किबुत्झमध्ये एकही बाळ जन्मलं नव्हतं.

"गाडी रिकामी कशी न्यायची?" गिदोन म्हणाला. "तूच बस. तुझ्याहून मोठं बाळ कुठून आणू?"

"दात नाहीत, तेवढं जुळतंय," स्वयंपाकघरातली त्सिला खालून ओरडली. "लंगोट बांधू का गं?"

सगळे हसले. हेदवाही हसली. गिदोनने मागची फळी वर करून बाहेरून कडी घातली.

मैदानात प्रत्येक विभाग टोपलीत आपला कागद टाकतो. काय पिकलं, किती पिकलं, ते सचिव माइकवरून वाचतो. टोपली शेवटच्या गाडीपाशी आली. हेदवाचा हात खिशात गेला, आणि काय केलं हे कळायच्या आत चिठ्ठी टोपलीत पडली होती.

गिदोनने सवयीनं वाचायला घेतलं. "मी, हेदवा, उद्यापासून इथे राहणार..." तो अडखळला. "...नाही."

माइक हातात घेऊनच तो शेवटच्या गाडीपाशी आला.

"फेरी होऊ दे, मग बोलू," तो हळूच म्हणाला. माइक चालूच होता.

"फेरीच तर चाललीय रे, बहात्तर वर्षं. कडी काढ."

"लोक बघतायत, हेदवा."

"तेव्हाही बघतच होते."

गिदोनचा हात कडीवर होता, पण हलेना. त्सिलाच पुढे आली. "सरक बाजूला." कडी गंजलेली, तिने हातातल्या पळीचे दोन तडाखे दिले तेव्हा फळी धाडकन खाली पडली.

हेदवा कडेला येऊन बसली, पाय खाली सोडून. जमीन तिथून बरीच खाली होती. तीन-चार जण हात पुढे करून धावले.

"उचलायचं नाही हं मला," ती म्हणाली. "त्सिला, नुसता हात दे."