सुरतेहून रिकाम्या हाताने

सुरतेच्या अलीकडे उधन्याला गाडीतून उतरलो तेव्हा माझ्या एका हातात लाडवांचा डबा होता आणि दुसरा हात मोकळा होता. दुसऱ्या हातातली पिशवी नवापूरला कोणीतरी आपली समजून घेऊन गेलं. तीत माझे कपडे होते. लाडू वाचले याचंच समाधान मानलं. कपड्यांवाचून चार दिवस निघतात. ताईच्या सासरी लाडू पोचले नाहीत असं आईला सांगून मात्र चार मिनिटं निघाली नसती.

मी मुऱ्हाळी म्हणून आलो होतो (मुऱ्हाळी म्हणजे सासरी असलेल्या मुलीला माहेरी आणायला जाणारा). ज्योतीताईला नववा महिना लागला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी हा आमच्या खानदेशात कायदाच आहे. खरं तर कायद्याहून कडक, कारण कायद्याला पळवाट असते. ताईने दहावीनंतर शिवणयंत्र धरलं तेव्हा कुठे मला कॉलेज दिसलं आणि मी घरातला पहिला पदवीधर झालो. तिला सुखरूप घरी नेण्याचं काम मी परीक्षेला बसल्यासारखं मनावर घेतलं होतं.

स्टेशनबाहेर लोचो खाल्ला (हरभऱ्याच्या डाळीचा मऊ वाफवलेला पदार्थ, वर तेल आणि शेव). दिसायला ढोकळा बिघडल्यासारखा दिसतो, चवीला ढोकळ्याहून बरा. मग रिक्षाने लिंबायत.

लिंबायतेत शिरलो की आधी कानाला कळतं. गल्लीगल्लीतून मागांची खटखट येते आणि माणसं तिच्याहून मोठ्याने बोलतात, म्हणून सगळे भांडताहेत असं वाटतं. ताईचं घर म्हणजे एक खोली आणि वर पोटमाळा. भाऊजी बारा तासांच्या पाळीला गेले होते. दारात ताईच्या सासूबाई, मी त्यांना मावशी म्हणतो, साडीवर टिकल्या चिकटवत होत्या. हेच काम करणाऱ्या शेजारच्या बायका मांडी घालून बसलेल्या, मावशी मात्र भिंतीला टेकून उभ्या.

“बठ भाऊ,” त्या म्हणाल्या (बस भाऊ). “उद्याची गाडी ना? तिची पिशवी भरून ठेवली.”

मला राग आला. सून जड झाली की पाठवा माहेरी, असा हा सरळ हिशेब दिसत होता. पण मी नेणाराच होतो, त्यामुळे रागाचं काय करावं ते सुचेना.

ताई आतून बाहेर आली. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. डोकं दुखतंय म्हणाली, पण झोप नाही म्हणून असेल असंही तिनेच ठरवून टाकलं. निघण्याआधी कार्डावर शेवटची तपासणी लिहून घ्यायची होती, म्हणून आम्ही तिघं जवळच्या आरोग्य केंद्रात गेलो.

तिथल्या बाकावर मी एकटाच पुरुष. समोर भिंतीवर गर्भातल्या बाळाचं मोठं चित्र होतं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, तर डाव्या बाजूला स्तनपानाचं निघालं. शेवटी छताकडे बघत बसलो.

“पंखा दुरुस्त करायला आलाय काय गं हा?” एका पोटुशीने ताईला विचारलं, आणि अख्खा बाक हसला.

तपासणारी रेखाबेन ही नर्स. बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेतलेली; साधी बाळंतपणं स्वतः करते, अवघड वाटलं की डॉक्टरांकडे पाठवते. बाई सुरतेची, गुजराती, पण खानदेशी बायकांत वर्षं काढल्यामुळे मराठीत बोलते, तीत गुजराती वाटेल तिथे टाकते. तिने ताईच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला, थोड्या वेळाने पुन्हा बांधला. लघवी तपासली. मग माझ्याकडे वळली.

“तू कोण भाई?”

“भाऊ. न्यायला आलोय. ग्रॅज्युएट आहे,” मी म्हणालो. शेवटचं का सांगितलं, माहीत नाही.

“शेमां?” (कशात?)

“इतिहासात.”

“सरस,” ती म्हणाली (छान). “मग हा आकडा वाच.”

“दीडशेवर शंभर.”

“तुझ्या इतिहासात या आकड्याच्या बाया मरत होत्या, भाई. लघवीतून प्रोटीन जातंय, डोकं दुखतंय, पाय बघ. गाडीत झटका आला तर काय करशील? साखळी ओढशील?”

मी खरोखरच साखळी ओढण्याचा विचार केला होता.

“ही कुठे नाही जाणार. आज मोठ्या दवाखान्यात, आणि बाळंतपण इथेच.”

“जाणार,” मावशी म्हणाल्या. त्या इथेही उभ्याच होत्या. “पिशवी भरली आहे.”

“बा, पिशवी रिकामी पण करता येते.” (बा म्हणजे गुजरातीत आई.)

“तुले काय समजस?” मावशी एकदम तापल्या (तुला काय समजतं?). “तठे तिले आराम भेटी. आठे कोण शे?” (तिथे तिला आराम मिळेल. इथे कोण आहे?) “मी टिकल्या लावू का हिचं पाणी भरू? मले कोणी झोपू दिलं नाही. बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी हंडा उचलला मी.”

रेखाबेनने पट्टा गुंडाळून ठेवला. “आणि तेव्हापासून अंग बाहेर येतं. म्हणून बसत नाही तुम्ही.” (अंग म्हणजे गर्भाशय; ते खाली उतरतं.)

मावशी ताईकडे नाही, माझ्याकडेही नाही, त्या चित्रातल्या बाळाकडे बघू लागल्या.

“किती वर्षं, बा?”

“याचा बाप झाला तेव्हापासून,” त्यांनी ताईच्या पोटाकडे बोट केलं.

म्हणजे ज्या बाईवर मी सकाळपासून रागावलो होतो, ती सुनेला घालवत नव्हती, तर स्वतःच्या वाट्याला न आलेले दिवस तिला देऊ बघत होती. मला फार ओशाळल्यासारखं झालं. रेखाबेनने मला परत बाकाकडे हाकललं आणि मावशींना पडद्यामागे नेलं. बाकावरच्या बायकांनी सरकून मला जागा दिली. पंख्यावरून कोणी काही बोललं नाही.

मोठ्या दवाखान्यात ताईला ठेवून घेतलं, गोळ्या सुरू झाल्या. त्याच इमारतीत दाखवायची चिठ्ठी मावशींनाही मिळाली होती. “पण बाळंतिणीजवळ कोण?” हा प्रश्न उरला. रेखाबेन म्हणाली, माहेर इथे आण.

मी आईला फोन केला. ती म्हणाली, नातवंड होईपर्यंत मुलीच्या घरचं पाणी प्यायचं नसतं, हे तुझ्या कॉलेजात शिकवलं नाही का? आणि तिने फोन ठेवला. म्हणून मी आईला आणायला परत निघालो. चलथाणला खिडकीतून साखर कारखान्याचा आंबूस वास आला, आणि मी ताईच्या शेजाऱ्याचा शर्ट घालून मनात भाषण पाठ करत बसलो.

ताईला पुढच्या आठवड्यात मुलगी झाली, दोघी छान आहेत. हे आताच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको.

मित्र विचारतात, सुरतेला काय पाहिलंस? किल्ला नाही पाहिला, डुमसचा समुद्र नाही पाहिला. एका बाकावरून एवढंच पाहिलं, की ज्यांच्या हातचं खाऊन मी पदवीपर्यंत पोचलो त्या बायकांना काय दुखतं हे मी कधी विचारलंच नव्हतं.

घरी पोचलो तर आईने आधी माझ्यामागे ताई दिसते का ते बघितलं. मी पाठ केलेलं भाषण विसरलो. रक्तदाबाचा आकडा सांगितला, तो तिला पटला नाही. पाण्याच्या रिवाजावर वाद घातला, त्यात हरलो. शेवटी मावशींचं सांगितलं, अंग बाहेर येतं ते, रेखाबेनने ओळखलं ते, जमिनीकडे बघत, अडखळत.

आईने पदराने हात पुसले.

“ती नर्सबाई,” तिने विचारलं, “माझ्या वयाच्यांना पण बघते?”

“बघते.”

“गाडी किती वाजता आहे?”