पाण्याचा विषय निघाला आणि बायकांचा माईक गेला

मैत्रिणींनो, आत्ताच ग्रामसभेतून घरी आले. डोकं अजून तापलेलंच आहे.

मागच्या सभेत बायकांचा माईक ऐनवेळी 'बिघडला' होता. मला तेव्हाच शंका आली होती. म्हणून आज भवानीनगरच्या माझ्या गाण्याच्या क्लासातला, माईकचे आवाज कमी-जास्त करायचा छोटा मिक्सर नेला आणि जोडणीही मीच केली. एक माईक स्टेजवर, दुसरा बायकांत. आवाज जुळवला आणि आमच्या माईकच्या बटणावर कडेला माझी लाल टिकली चिकटवली. बटण फिरलं तर लगेच कळावं म्हणून.

तेवढ्यात सरपंचांचे चुलते, तात्या, मिक्सरपाशी येऊन बसले. "सुनबाई, तुमी जावा बायकांत. मी बघतो हितलं."

सत्कार होईपर्यंत दोन्ही माईक खणखणीत. मग नळाच्या पाण्याचा विषय निघाला, शोभाकाकू बोलायला उभ्या राहिल्या आणि आमचा माईक गप्प!

मी तडक उठून गेले. काकू बोलतील तसा मिक्सरवर आमच्या माईकचा दिवा लुकलुकत होता, म्हणजे वायर ठीक होती. आवाजाचं बटण मात्र शून्यावर, आणि टिकली गायब.

"तात्या, बटण कुणी फिरवलं?"

"मी कशाला हात लावतोय? वायर ढिली असंल," म्हणत त्यांनी चहाचा कप उचलला.

टिकली त्यांच्या अंगठ्याला चिकटलेली होती.

मी बटण वर केलं आणि तिथंच उभी राहिले. काकूंनी पहिल्यापासून सुरुवात केली.

तुमच्या गावात मिक्सरपाशी कोण बसतं? एकदा बघून या.