भावोजींचा अंतरा

मला गाता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढची हकीकत ऐकून लोक म्हणतात, बाईंच्या अंगात कला असणार आणि नवऱ्यानं ती दाबून ठेवली असणार. तसलं काही नव्हतं. साताऱ्यात माहेरी मंगळागौरीला मला फुगडीला बोलवायचे, गाणी म्हणायला नाही. आणि अशी मी पडले कुठं, तर सांगलीत, एका पेटीवाल्याच्या घरात.

पेटीवाले म्हणजे आमचे हे. यांची नाटक कंपनी बुडाली तेव्हा दोन माणसं एकदमच रिकामी झाली, एक हे आणि दुसरे भावोजी. भावोजी नात्यानं कुणी नव्हेत. माण तालुक्यातल्या मेंढपाळाच्या घरचा हा मुलगा, गळा चांगला म्हणून कंपनीवाल्यांनी कुठल्याशा जत्रेतून उचलून आणलेला. दोघांनी मिळून हिंदी चित्रपटांतल्या गाण्यांना चाली द्यायला सुरुवात केली, आणि लढाईच्या त्या टंचाईच्या वर्षांत त्यांची गाणी चहाच्या हॉटेलांतून वाजायला लागली. पडद्यावर दोघांची नावं शेजारीशेजारी येत. मुंबईला जायचं ते फक्त रेकॉर्डिंगला. चाल बसणार ती सांगलीत, आमच्या घरातच, असा दोघांचा हट्ट होता.

त्यांची काम करायची रीत अजब होती. हे बाहेरच्या खोलीत पेटी घेऊन मुखडा बांधायचे. भावोजी तेव्हा मागच्या परसात फेऱ्या मारत. मुखडा कानावर आला की ते तिथूनच, चालता चालता, अंतरा म्हणायचे. यांनी अंतऱ्याला हात लावायचा नाही आणि भावोजींनी मुखड्याला. समोरासमोर बसून त्यांनी चाल केलेली मी कधी पाहिली नाही. मधल्या स्वयंपाकघरात मी असायची, आणि माझ्या डोक्यावरून त्यांचं गाणं इकडून तिकडं जायचं. फोडणी करपली तरी चालेल पण भांडं वाजता कामा नये, असा मला हुकूम होता. मी मुद्दाम वाजवायची.

भावोजींच्या अंतऱ्याला एक खोड होती. ओळीच्या मध्येच ते एक आखूड श्वास घ्यायचे, चढण चढताना माणूस घेतो तसा, आणि मग आवाज एकदम वर नेऊन सोडून द्यायचे. मुंबईच्या गाणाऱ्या बायका वैतागायच्या, पण लोकांना नेमकं तेच आवडलं. हे कुठून आणलंत, असं मी एकदा विचारलं. तर म्हणाले, वहिनी, ही माझी मेंढरांना बोलवायची हाळी. प्रत्येकाची वेगळी असते आणि मेंढरं आपल्या माणसाचीच ओळखतात. मी म्हटलं, म्हणजे सगळा हिंदुस्थान तुमच्या कळपात आला की. त्यावर ते खूप हसले.

लढाई संपली त्या सुमारास दोघं एका नव्या चित्रपटासाठी मुंबईला गेले आणि हे एकटेच परत आले. भावोजींना विषमज्वर झाला होता. सगळं तिथंच उरकावं लागलं. यांनी भावोजींच्या गावाकडं, दहिवडीला तार केली, पण भावोजींची आई आणि धाकटा भाऊ मेंढरं घेऊन चाऱ्यामागं कुठं तरी लांब गेलेले. तिला कळलं तेव्हा महिना उलटून गेला होता. निरोप घेऊन गेलेल्या माणसाला तिनं सांगितलं, माझ्या पोराला दाखवा, मग रडते. तिनं दहावं घालू दिलं नाही. धाकटा डोकं भादरायला बसला तर त्याला तिनं उठवून लावलं. पण दाखवणार तरी काय होतो आम्ही? राख केव्हाच समुद्रात गेली होती.

हे बरेच दिवस पेटीला शिवले नाहीत. पण चित्रपट अर्धा झाला होता. मुंबईचे लोक म्हणत होते, उरलेली गाणी तुम्ही एकट्यानं करा. यांचं म्हणणं, अंतरा माझा नाही, मी कसा करू? शेवटी एकदा बसले. मुखडा वाजवायचे, अंतरा होईल एवढा वेळ थांबायचे आणि पुन्हा मुखडा वाजवायचे. दिवसचे दिवस हे चाललं होतं. ती मधली शांतता मला सहन होत नसे. भांडं वाजवायचाही धीर होईना.

एका दुपारी मी पीठ चाळत बसले होते. नवा मुखडा वाजला, थांबला, आणि परसातून कुणीतरी अंतरा म्हणायला लागलं. मी दाराकडं पाहिलं. परसात लख्ख ऊन होतं आणि दोरीवर धुणं वाळत होतं. मग माझ्या लक्षात आलं की ओठ माझे हलताहेत. ओळीच्या मध्येच छातीत श्वास अडकला, आखूड, आणि आवाज वर गेला. तो आवाज माझ्या गळ्यातून येत होता, पण माझा नव्हता.

हे उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. पुन्हा म्हण, म्हणाले. मी म्हणायला गेले तर माझा नेहमीचा फुटका सूर बाहेर पडला. ते परत गेले आणि त्यांनी पेटी धरली. मी चाळणी हातात घेतली, आणि अंतरा पुन्हा आला.

रात्री जेवताना त्यांनी मला समजावलं की इतकी वर्षं तू मध्ये बसून ऐकलंस, ते कानात मुरलंय, यात नवल ते काय. मी मान डोलावली. माणूस अशा वेळी मान डोलावतोच. पण मुखडा त्याच दिवशी सकाळी बांधलेला होता. त्याचा अंतरा जगात कुणीच म्हटलेला नव्हता, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

त्या चित्रपटाची उरलेली सगळी गाणी अशीच झाली. माझे हात कामात असले आणि मनात दुसरंच काही असलं की ते यायचं. येण्याआधी ओल्या घोंगडीचा वास यायचा. होऊन गेलं की पोटऱ्या दुखायच्या, कोसभर डोंगर चालून आल्यासारख्या. मी वाळत चालले आणि हे खुलत चालले. बहिणीच्या बाळंतपणाला मला साताऱ्याला जायचं होतं, तर म्हणाले, आता नको, दोन गाणी राहिलीत. मला यांचा भयंकर राग आला. हे माझ्याशी बोलायचे, पण नजर माझ्या खांद्यावरून मागं कुठं तरी लागलेली असायची. एकदा दुपारी भानावर आले तेव्हा मी परसात फेऱ्या मारत होते आणि चुलीवरचं दूध उतू गेलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. भावोजी माझ्यात आणखी किती दिवस राहणार, आणि मग माझं काय उरणार?

चित्रपट लागला, रेकॉर्डी निघाल्या. पडद्यावर याही वेळी दोन्ही नावं होती. पुढच्या कामाचं बोलायला हे मुंबईला गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी भावोजींची आई दारात आली.

मी तिला पूर्वी एकदाच पाहिलं होतं. हातात काठी, आणि मागं दोरीला एक म्हातारी मेंढी. त्यांचा कळप विश्रामबागेकडच्या रानात लेंडीखतासाठी बसवला होता, तिथून ती चालत आली होती. पाणी दिलं तर तिनं भांडं तसंच खाली ठेवलं.

"माझं पोर कुठं ठेवलंय तुमी?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मावशी, भावोजी गेले हो. मुंबईत ह्यांच्याच मांडीवर गेले.

"इस्लामपुरात हाटेलात नवी रेकाट लागली हुती. माझ्या लेकाची हाळी म्या वळकली न्हाई व्हय? आमच्या घरात मेलेल्याची हाळी कुनी देत न्हाई. मानूस गेला की त्याची हाळी बंद. न्हाईतर मेंढरं वाट बघून खंगत्यात. मग ही कोन देतंय?"

आम्हाला काय माहीत होतं? आम्ही गाणी करत बसलो होतो, आणि तिकडं प्रत्येक रेकॉर्डीतून या बाईचा मुलगा जिवंत होत होता. मी काहीतरी समजूत घालायला गेले, तर तिनं मेंढीच्या पाठीवर हात ठेवला.

"मला फशिवशील. हिला न्हाई. त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढिवलीया हिला."

मग मी तिला सगळं सांगितलं. त्याआधी जगात कुणालाच सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ती मला वेडी म्हणेल किंवा अंगावर काठी टाकेल. तिला नवल वाटलंच नाही. फक्त तिनं विचारलं, "घोंगडीचा वास येतुया का?" वासाचं मी तिला बोलले नव्हते.

सुपात तूरडाळ निवडायची राहिली होती. ती म्हणाली, तुझं काम कर. मी स्वयंपाकघरात बसून निवडायला लागले. ती परसदारच्या पायरीवर बसली, मेंढी तिच्या पायाशी. निम्मी डाळ निवडून झाली. मग तिनं हलकेच हाळी दिली, तिची स्वतःची, आणि थांबली.

तो वास आला. माझ्या तोंडून उत्तर गेलं.

मेंढी उठली. दोरी ओढत उंबरा ओलांडून आत आली, सुपाला वळसा घातला आणि माझ्या मांडीवर तोंड ठेवून तिनं डोळे मिटले. भावोजींची आई मेंढीकडंच पाहत होती, माझ्याकडं नाही.

"जेवलास का, लेकरा?" तिनं विचारलं.

"व्हय, आई," मी म्हटलं. साताऱ्याच्या माझ्या घरी मी जन्मात कधी 'व्हय' म्हटलेलं नाही.

"तापात लय हाल झालं का रं?"

"न्हाई."

तेव्हा ती रडली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, खूप वेळ. मी तिच्याकडं जायला निघाले तर मला उठवेना.

"मग आता जा," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकीला असं राबवू नगंस. मेंढरं मी बघते."

वास गेला. एकदम, दार लावून घ्यावं तसा. मेंढीनं डोळे उघडले, मला पाहिलं आणि बिचकून मागं सरली. सुपातली डाळ जमिनीवर सांडली होती. मी उठले, चहा ठेवते म्हणाले, माझ्याच आवाजात. तर म्हातारी म्हणाली, नगं, आजपासनं मला सुतक हाय. धाकट्याला डोकं भादरायला सांगायचं आहे असं सांगून ती निघाली. मेंढी तिच्या पुढं होती.

हे चार दिवसांनी आले, खुशीत. मोठं काम मिळालं होतं. हातपाय धुतले आणि पेटीवरच बसले. मुखडा फार सुंदर झाला होता, एवढं मलासुद्धा कळलं. मुखडा वाजवून ते थांबले. मी पीठ चाळत होते. सगळं पीठ चाळून झालं. त्यांनी पुन्हा वाजवला, पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा मध्येच सोडला आणि दारात येऊन उभे राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडं पाहिलं. किती वाळलीस, असं काहीतरी पुटपुटले.

मग त्यांनी विचारलं, "तो कुठाय?"

"त्यांची आई आली होती," मी म्हटलं. "घेऊन गेली."

हे उंबऱ्यावरच खाली बसले. चितेपाशीसुद्धा रडले नव्हते, असं मला मुंबईच्या लोकांनी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी ते रडले, आणि मी दिवा लावायचं विसरून त्यांच्याजवळ बसून राहिले.